अकरा दिवस न ऐकलेली पत्रे

मित्रांनो, मी एक जुने साउंड कार्ड आहे, संगणकाचा आवाज स्पीकरपर्यंत पोहोचवणारे. तळहाताएवढी हिरवी पट्टी, कडेला तीन भोके आणि अंगावर धूळ. सध्या माझा मुक्काम टेबलाच्या खणात, सुईदोऱ्याच्या डब्याशेजारी आहे.

कारखान्यातून माझ्याबरोबर निघालेल्या बहुतेक कार्डांच्या नशिबी गाणी आणि खेळ आले. मला मात्र असे घर मिळाले, की जिथे माझ्यावाचून पान हलत नव्हते. तिथे एक निवृत्त टायपिस्ट बाई एकट्या राहत. पन्नाशीत त्यांची दृष्टी गेली, पण बोटांना कळफलक पाठ होता. लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालणारा आमचा संगणक पडद्यावरची अक्षरे वाचून दाखवायचा आणि तो आवाज माझ्यातून स्पीकरकडे जायचा.

त्यांची धाकटी बहीण दूरच्या शहरात राहायची. घशाच्या शस्त्रक्रियेत तिचा आवाज गेला होता आणि दुखणे अजून सरले नव्हते. एकीला दिसत नाही, दुसरीला बोलता येत नाही. म्हणून धाकटी रोज ईमेलने पत्र पाठवायची, मी ते ऐकवायचो आणि बाई लगेच उत्तर टाइप करायच्या. माझा आवाज अगदी सपाट. तरी बाई म्हणायच्या, "आता हाच माझ्या धाकटीचा आवाज." हे ऐकून मी फुशारून जायचो.

एकदा पुतण्या मोठ्या हौसेने नवा, रुंद पडदा घेऊन आला. बाई हसल्या. "मला काय रे, जुना नवा दोन्ही सारखेच दिसतात!" पण त्याचे मन मोडवेना. पडदा जोडून तो आपल्या गावी निघून गेला. संध्याकाळी बाई पत्र ऐकायला बसल्या, तर घरात चिडीचूप.

त्यांनी कळा दाबून पाहिल्या, स्पीकर चाचपले. काय उघडले, काय टाइप झाले हे ऐकू येत नसल्याने स्वतः पत्र धाडायचीही सोय उरली नव्हती. दुरुस्त करायचे तर पडद्यावर काय लिहिले आहे ते कळायला हवे, आणि ते कळायला आवाज हवा! शेजारीण म्हणाली, "मी वाचून दाखवते ना." बाई म्हणाल्या, "नको ग. तिचं दुखणं मला परक्या तोंडून ऐकवणार नाही." बहिणीच्या मुलीला फोन करावा, असेही मनात आले. पण तिला आधीच आईचे आजारपण, त्यात आपली कटकट कशाला? उद्या सुरू होईल, परवा होईल, असे म्हणत त्या थांबल्या.

पाचव्या दिवशी दुरुस्तीवाला आला. त्याने मला उपसून काढले आणि टेबलाच्या खणात टाकले. "मावशी, कार्ड गेलं. जुनंच होतं, किती टिकणार? नवीन मागवतो." मी धडधाकट होतो हो! पण ते सांगायचे कोणी?

अकराव्या दिवशी नवे कार्ड बसवले. तेही मुके. तेव्हा कुठे त्याने आज्ञा देऊन ध्वनी-साधनांची यादी काढली. पहिल्या क्रमांकावर नवा पडदाच होता. त्याच्या वायरीतून आवाज जाऊ शकतो हे पाहून संगणकाने आवाजाची वाट तिकडे वळवली होती, आणि पडद्याला स्पीकर नव्हतेच. "चुकलं माझं, मावशी," तो खाली मान घालून म्हणाला. "कार्डाला काही झालंच नव्हतं. हे मी त्याच दिवशी बघायला हवं होतं."

त्याने वाट बदलली आणि नवे कार्ड बोलू लागले. उघड्या खणातून मी ऐकत होतो.

"ताई, आज जेवण गेलं नाही." मग, "ताई, दोन दिवस तुझं पत्र नाही." मग, "रागावलीस का ग? माझं काही चुकलं का?" शेवटचे पत्र मुलीचे होते. "मावशी, आई काल गेली. ताई रागावली असेल, फोन करून तिला त्रास देऊ नकोस, असं तिने मला बजावलं होतं. शेवटपर्यंत पाटीवर लिहून विचारत होती, ताईचं पत्र आलं का."

बाईंनी कळफलक जवळ ओढला. मग त्यांनी धाकटीच्याच पत्त्यावर पत्र लिहिले. अक्षर टाइप होईल तसे नवे कार्ड वाचत गेले. "रागावले नव्हते ग. मला ऐकूच आलं नाही."

पत्र पाठवून त्यांनी विचारले, "जुनं कार्ड कुठंय? टाकू नका. तिचा आवाज आहे तो." त्यांनी मला हातात घेतले, पुसले आणि परत खणात ठेवले.

मित्रांनो, एखादे यंत्र गप्प झाले तर उपटून टाकण्याआधी त्याचा आवाज कुठे जातो ते पाहा. आणि आपले माणूस गप्प झाले, तर उद्यावर ढकलू नका. त्याच दिवशी विचारा. धाकटीला उत्तर हवे होते तेव्हा मी या खणात पडून होतो, आणि माझ्यात काहीही बिघडलेले नव्हते.