अर्ज क्रमांक अठ्ठेचाळीस

माझे बाबा, श्रीरंग, केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात चौतीस वर्षं फायलींवर शेरे मारून जानेवारीअखेर निवृत्त झाले. आता सरकारी घर सोडायचं होतं. बाबांना दिल्लीतच राहायचं होतं, आईला, म्हणजे कुमुदला, नाशिकला मावशीजवळ. बरेच दिवस वाद झाल्यावर आईनं अट घातली. "एक पूर्ण दिवस माझ्याबरोबर बसा. ऑफिस नाही, अर्ज नाही, फोन नाही. जमलं तर मी इथेच राहीन. नाही जमलं, तर मी एकटी नाशिकला जाते. तुम्ही बसा दिल्लीला कवटाळून."

म्हणून फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही यमुनेकाठच्या बागेत गेलो. तिथे दिवसापुरता तंबू लावू देतात. मी मुनिरक्याला भाड्याच्या खोलीत राहते. तंबू माझ्या मैत्रिणीचा, आणि मला नेलं होतं ते फक्त तो उभा करायला. आईनं पाण्याकडे तोंड करून सतरंजी घातली, थर्मास आणि दोन कप मांडले. बाबांनी मात्र डिकीतून घडीचं टेबल आणि खुर्ची काढली. जमिनीवर बसून त्यांच्या घशाखाली चहा उतरत नाही म्हणे. तंबूच्या तोंडाशी टेबल, टेबलामागे सफारी सूट, खिशाला दोन पेनं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं.

साडेअकराला काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ आले. "साहब, वृद्धा पेंशन यहीं हो रही है?"

बाबांना नुसतं नाही म्हणता आलं असतं. बाबा म्हणाले, "एप्लिकेशन लाए हो?"

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. बाबांनी त्यांना मजकूर सांगितला, विषयाखाली रेघ मारायला लावली आणि वर क्रमांक एक घातला. तोवर मागे दोघे उभे राहिले होते, आणि दिल्लीत दोघे एकामागे एक उभे राहिले की तिसरा काही विचारत नाही. बारापर्यंत रांग जांभळाच्या झाडाला टेकली. मानेसरच्या कारखान्यातला श्याम नावाचा एक कामगार बायकोला नदी दाखवायला आला होता. त्यानं बायकोला नदीकडे पाठवलं आणि स्वतः रांगेत उभा राहिला. रांग कशाची आहे, असं मी त्याला विचारलं. "आगे जाकर पता चलेगा," तो म्हणाला.

हे थांबवा म्हणून मी बागेच्या रखवालदाराला बोलावून आणलं. त्यानं बायकांची वेगळी रांग केली आणि स्वतःच्या बदलीचा अर्ज दिला. दोन वाजता झाडाखाली एक टायपिस्ट मशीन मांडून बसला. रविवारी तो कुठून उगवला, देव जाणे.

"बाबा, आई वाट बघतेय."

"बस, दोन मिनिटं."

"आणि हे अर्ज तुम्ही पाठवणार कुणाला?"

बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "ते नंतरचं गं. आधी नोंद तर होऊ दे."

मला इतका राग आला की तंबूचे खुंटे उपटावेसे वाटले.

आई चार वाजेपर्यंत नदीकडे बघत बसली. मग उठली, टायपिस्टकडून कोरा कागद घेतला, चार ओळी लिहिल्या आणि बायकांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. ती कुणाची कोण हे कळल्यावर बायकांनी तिला पुढे ढकललं. बाबांनी मान वर न करता सांगितलं, "बहनजी, लाइन से आइए." आई मुकाट मागे गेली. मला हसू आलं आणि, खरं सांगते, रडूही आलं.

पावणेसहाला तिचा नंबर लागला. बाबांनी कागदावर अठ्ठेचाळीस आकडा घातला आणि वाचू लागले. 'विषय: सूर्य बुडण्यापूर्वी पतीसोबत चहा पिण्याबाबत. महोदय, चहा सकाळपासून तयार आहे. मी बत्तीस वर्षं वाट पाहिली आहे. कृपया आजच निकाल द्यावा. आपली, कुमुद.'

बाबांनी वर पाहिलं. पण हात सवयीनं समासात गेलाच होता. 'चर्चा करावी', त्यांनी लिहिलं आणि खाली सही केली. ज्या फायलीवर ते हा शेरा मारत ती पुन्हा कधी वर येत नसे. घरात आम्ही त्यावर कित्येकदा हसलो होतो. आईनं शेरा वाचला, "बरं," म्हणाली आणि कागद घेऊन सतरंजीकडे चालू लागली.

बाबा उठले. हातातलं पेन टेबलावरच राहिलं. रांगेत कुरबुर सुरू झाली, तेव्हा श्याम खुर्चीत जाऊन बसला आणि त्यानं पुढच्याला विचारलं, "एप्लिकेशन लाए हो?"

मी काठावर पोचले तोवर सूर्य पुलामागे गेला होता. बाबा सतरंजीवर मांडी घालून बसले होते.

"म्हणजे तू नाशिकला जाणार," ते म्हणाले.

"ठरल्याप्रमाणे."

 बाबांनी आईच्या हातातला अर्ज घेतला, उलटा केला आणि खिशातलं दुसरं पेन काढलं. 'विषय: मलाही सोबत नेण्याबाबत', असं लिहून रेघ मारली. त्याखाली त्यांना काही सुचेना. चौतीस वर्षांत असं प्रथमच होत होतं. शेवटी त्यांनी नुसती सही केली आणि कागद पुढे केला.

आईनं तो दोनदा वाचला. "तारीख राहिलीय," ती म्हणाली, आणि थर्मासमधला गार चहा त्यांच्या कपात ओतला.