दहाव्या दिवसाचा नमुना

सकाळी सहाला नळाला पाणी यायचं, कारण सहाला पाच कमी असताना त्या घरातला बाप चौकातल्या खड्ड्यात उतरून झडप फिरवायचा. तो पाणीखात्यात होता. अर्ध्या गावाला आपण पाणी सोडतो याची त्याला भारी ऐट, आणि अलीकडे त्या ऐटीत धाकटीनं भर घातली होती. नववीतल्या या पोरीची पाण्याच्या शुद्धतेवरच्या विज्ञान स्पर्धेसाठी निवड झाली होती. नळ्या, बाटल्या आणि नोंदवही घेऊन ती घरभर असा हुकूम चालवायची, की सगळे तिला मास्तरीण म्हणू लागले.

चौदा दिवस, रोज सकाळी, तीन ठिकाणचं पाणी तपासायचं होतं: नळाचं, गच्चीवरच्या टाकीचं आणि स्वयंपाकघरातल्या पिण्याच्या पिंपाचं. नळीतल्या पाण्यात औषधाचे थेंब टाकले की क्लोरीनमुळे पिवळा रंग यायचा, तो तक्त्याशी ताडून बघायचा. मग थोडं पाणी दुसरं औषध घातलेल्या छोट्या बाटलीत भरून झाकण लावायचं. दोन दिवसांत ते काळं पडलं तर पाण्यात जंतू, पिवळसरच राहिलं तर पाणी चांगलं. विज्ञानाच्या बाईंनी बजावलं होतं, "एका दिवसाचा जरी खाडा पडला तरी वही बाद. मग स्पर्धेला येऊच नका."

हे सगळं ताईच्या डोळ्यांत खुपत होतं. वीस वर्षांची ताई खिडकीशी बसून एका शिंप्याची काज-बटणं करायची. तीही एके काळी विज्ञानात वर्गात पहिली होती. पण दहावीची प्रात्यक्षिक परीक्षा नेमकी तिच्या पाळीच्या दिवसांत आली. आईनं तिला नेहमीप्रमाणे मागच्या खोलीत बाजूला बसवलं. चार दिवस कशाला शिवायचं नाही, उंबऱ्याबाहेर जायचं नाही. "परीक्षा काय, पुन्हा होईल," आई म्हणाली होती. ती झाली नाही. शाळा तिथंच संपली आणि हातात सुई आली. आता तीच आई मास्तरणीच्या नळ्या धुण्यासाठी वेगळी घासणी आणून देत होती! ताईचा नुसता जळफळाट व्हायचा.

"बाबा, क्लोरीन आज एकदम छान आहे," मास्तरीण म्हणायची.

"असणारच! सोडलंय कोणी?" बाप मिशीतल्या मिशीत हसायचा.

पाचव्या दिवशी टाकीची बाटली काळी पडली, तेव्हा मात्र त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. टाकीचं झाकण फुटलं होतं आणि आत पारव्यांची पिसं तरंगत होती. ताईला त्या दिवशी फार बरं वाटलं. पण बापानं नवं झाकण बसवलं आणि दारी येईल त्याला सांगत सुटला, "आमच्या मास्तरणीनं पकडलं हो!" झालं, ताईची बटणं उलटी लागली.

आठव्या दिवशी संध्याकाळी न्हाणीघरात कागदात गुंडाळलेली पुडी ताईला दिसली. ती समजायची ते समजली. मास्तरणीला पाळी आली होती, आणि पठ्ठीनं ती लपवून सकाळी पिंपातलं पाणीसुद्धा काढलं होतं. आता या क्षणी ताईनं गप्प बसायला हवं होतं. बाजूला बसण्यानं काय जातं हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? पण मत्सर असा की त्याला स्वतःची जखमसुद्धा दुसऱ्याला द्यावीशी वाटते. ती सरळ स्वयंपाकघरात गेली.

"आई, तुझ्या लाडकीला अडचण आलीय. विचार तिला."

आईचं तोंड पांढरं पडलं. तिनं सगळं पिंप मोरीत ओतलं, घासलं, आणि मास्तरणीला मागच्या खोलीत बसवलं. पोरगी रडून रडून लाल झाली. "आई, खाडा पडेल गं! वही बाद होईल!"

"होऊ दे. घराला दोष लागण्यापेक्षा बरं."

बापानं सगळं ऐकलं आणि चप्पल घालून झडप बघायला निघून गेला. तेव्हा झडपेची वेळसुद्धा नव्हती.

ताई ताट घेऊन मागच्या खोलीच्या दाराशी गेली, तेव्हा मास्तरीण म्हणाली, "ताई, तू घेशील का नमुने? तुला येतं. बाई अजून तुझं नाव काढतात. वर्गात सांगतात, थेंब मोजावेत तर तिनं."

ताईला वाटलं होतं, ही आपल्यावर ओरडेल. हे मात्र तिला झेपलं नाही. "बघू," म्हणून ती वळली.

नवव्या दिवशी पहाटे तिनं नळी उजेडाकडे धरली. पाच वर्षांनी. थेंब मोजून टाकले, एकही जास्त पडला नाही. पिवळा रंग चढला. हे माझं होतं, असं तिला वाटलं. हे सगळं माझं होतं आणि हिला फुकट मिळालं. तिनं नोंद अशी टपोऱ्या अक्षरात केली, की आधीची आठ पानं गबाळी दिसावीत.

दहाव्या दिवशी सकाळी तिला स्वतःलाच पाळी आली.

आता नुसतं "आई, मला अडचण" म्हटलं की काम फत्ते होतं. नमुना घ्यायला घरात दुसरं कोणी नव्हतं. खाडा पडणार, वही बाद होणार, आणि दोघी बहिणी एकाच खोलीत सारख्या होऊन बसणार. मनात होतं ते आयतं समोर आलं होतं. ताई पिंपाशी उभी राहिली. मागच्या खोलीतून मास्तरीण खोकत होती. ताईनं पिंप भरलं, नमुना घेतला, बाटलीवर दहाचा आकडा घातला आणि कोणाला काही न सांगता बटणं लावायला बसली. अकराव्या दिवशीही तेच. बाराव्या दिवशी मास्तरीण न्हाऊन पुन्हा वहीपाशी आली; पाणी मात्र ताईच भरत राहिली.

तेराव्या दिवशी जेवताना बाप खुशीत होता. "उद्या चौदावा! अशी चिकाटी लागते. आमच्या मास्तरणीनं वही पुरी केली बघा."

ताईचा घास तोंडातच राहिला. पुन्हा हीच! तीन दिवस कोण उठलं, कोण राबलं, त्याचं नावसुद्धा नाही.

"मी केली!" ती किंचाळली. "तीन दिवस नमुने मी घेतले. आणि त्यातले दोन दिवस अडचणीत घेतले. आज चौथा दिवस आहे माझा. पिंप मीच भरतेय रोज. तुम्ही सगळे आत्ता तेच पाणी पिताय."

हे धैर्य नव्हतं, हे आपण मान्य करू. ती हेव्यानं बोलून गेली होती. पण बोलली ते खरं होतं.

आई ताडकन उठली आणि पिंपाला हात घातला. "आधी हे ओतते. मग त्या बाटल्यासुद्धा मोरीत."

ताई मध्ये उभी राहिली. फळीवरून तिनं पिंपाच्या पाण्याची दहाव्या दिवसाची बाटली काढली आणि आईच्या डोळ्यांसमोर धरली. "हे बघ. तीन दिवस झाले. काळी पडलीय? या वहीत काळं पडलं ते फक्त टाकीचं पाणी. फुटक्या झाकणामुळे, माझ्यामुळे नाही. आई, माझी परीक्षा गेली ना, ती कशासाठी? सांग मला!"

मास्तरीण हळूच म्हणाली, "माझीपण बघ, आई. आठव्या दिवसाची. तिलाही काही झालं नाही."

आईनं दोन्ही बाटल्या घेतल्या. दिव्याखाली फिरवून फिरवून बघितल्या. पाणी पिवळसरच होतं. बाटल्या मांडीत घेऊन ती खाली बसली. या पोरी सुटणार, असं तिच्या मनात आलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला पोटच्या पोरींचा हेवा वाटला.

"तेराव्या वर्षापासून बसतेय मी बाजूला," ती म्हणाली. "महिन्याचे चार दिवस. तीस वर्षं." ती बोटं मोजू लागली. "तुम्हा दोघींच्या वेळचे महिने सोडले तरी साडेतीन वर्षं होतात गं. साडेतीन वर्षं मी त्या खोलीत काढली. ताप असला तरी फरशीवर. माझी आई शेवटची घटका मोजत होती, तेव्हासुद्धा मला दारातून आत येऊ दिलं नाही. कशासाठी, ते कोणी बाटलीत बघितलंसुद्धा नाही?"

तिनं नवऱ्याकडे बघितलं. सगळ्या गावाला पाणी सोडणारा तो माणूस ताटातला भात चिवडू लागला. आपल्यापैकी ज्यांच्या घरी अशी एक खोली आहे, त्यांनी आपलं उत्तर शोधून ठेवावं. उद्या कोणी बाटली पुढे धरली तर लागेल.

"वही आण," आई मास्तरणीला म्हणाली. "नमुना कोणी घेतला, तिथं हिचं नाव घाल. आणि हिची अडचण होती तेही लिही. तुझीपण. शाईनं लिही."

"स्पर्धेत सगळ्यांसमोर वाचायला लावतात, आई."

"मग मोठ्यानं वाच."

ती उठली, पिंपाचं झाकण नीट बसवलं आणि जेवायला बसली. "माझी तारीख पुढच्या आठवड्यात आहे," ती घास घेत म्हणाली. "मी या चुलीपुढून उठणार नाही. मला कोण उठवतं तेच बघते."