घड्याळवालीचा नवरा

संपादक आले, खुर्चीत टेकले आणि पाण्याचा घोट घ्यायच्या आधीच म्हणाले, "घड्याळवालीचं लग्न लावून टाकू."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. घड्याळवाली म्हणजे आमच्या मांगा-मालिकेची, जपानी धर्तीच्या चित्रकथेची नायिका. सहा वर्षं दर महिन्याच्या अंकात तिची गोष्ट छापून येते. एका गल्लीत तिचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. लोक बंद पडलेली घड्याळं आणतात, आपापली रडगाणी गातात, ती ऐकून घेते आणि घड्याळ चालू करून देते. चित्रकार आमच्या बाई. माणसांचे चेहरे नि हात त्या काढतात. उरलेलं सगळं, भिंती, खिडक्या, कपाटं, दारातल्या चपला, मी काढते. या कामात नाव मिळत नाही, पाठदुखी तेवढी मिळते.

"लग्न? कुणाशी?" मी विचारलं.

"तो समोरचा बेकरीवाला आहे की."

"त्याला तिने दुसऱ्याच वर्षी नाही म्हटलंय!"

"मग आता हो म्हणेल. मालिका संपायला तीनच अंक उरलेत. वाचकांना दिलासा नको? किती दिवस एकटी ठेवायची बिचारीला?"

बिचारी म्हणे! त्या बेकरीवाल्याला तिने तोंडावर सांगितलं होतं, "मला तसं कुणाबद्दलच वाटत नाही. प्रेमात पडावंसंही नाही आणि कुणी जवळ घ्यावंसंही नाही. तुमच्यात काही कमी नाही. माझ्यातही नाही." मग तो कान खाजवत बसतो आणि ती त्याच्या दुकानातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे ते नीट लावून देते. बस.

ते पान मी किती वेळा वाचलं असेल देव जाणे. तोवर मी वाचलेल्या ढीगभर चित्रकथांमध्ये माझ्यासारखी माणसं दोनच साच्यांतली असायची. एक तर बर्फाचा गोळा, भावना नसलेलं यंत्र. नाहीतर तोऱ्यात फिरणारी आणि 'योग्य माणूस' भेटला की विरघळणारी. दुकान चालवणारी, मैत्रिणीशी भांडणारी, खदाखदा हसणारी अशी कुणी नव्हतीच.

आणि तेच पान मी आईच्या हातात दिलं होतं. आई प्रत्येक अंक बघायचीच, पण तिच्या पद्धतीने. आधी कपाटं, भांडी, खुंट्या, कारण त्या लेकीच्या हातच्या. माणसं नंतर. तिच्यापुढे मी एसेक्शुअल, अॅरोमँटिक असले शब्द टाकले असते, तर "यावर गोळ्या कुठल्या?" एवढंच तिने विचारलं असतं. तिने पान वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं.

"अशी असतात होय माणसं?"

"असतात. मी आहे."

त्या दिवसापासून मावशीला तिनेच थोपवलं. मावशीच्या फोनमध्ये लग्नाच्या मुलांचे फोटो कायम तयार असतात. "आमची त्या घड्याळवालीसारखी आहे," हे एक वाक्य आईला सापडलं होतं, आणि त्याच्या जोरावर आमच्या घरात चार वर्षं शांतता होती. आता घड्याळवालीनेच लग्न केलं, तर आई काय म्हणणार ते मला तोंडपाठ होतं.

"ती एकटी नाहीये," मी संपादकांना म्हटलं. "मैत्रीण आहे, अख्खी गल्ली आहे."

"म्हणजे तसं कुणीच नाही," ते हसले. "पात्रात वाढ दाखवायला हवी हो."

ते गेल्यावर मी बाईंवर उखडले. "तुम्ही तोंड शिवून का बसलात?"

"नाही म्हटलं तर हे तीन अंकही जातील. गोष्ट मध्येच तुटेल."

"तुटलेली परवडली!"

"तुला परवडेल गं. सहा वर्षं तिचा चेहरा मी काढलाय." त्यांचा आवाज चिरकला. पुढचे दोन दिवस आम्ही कामापुरतंच बोललो.

तिसऱ्या महिन्यात शेवटच्या अंकाचं शेवटचं पान माझ्या टेबलावर आलं. दोघांचे चेहरे, गालाला गाल. घड्याळवाली हसत होती, पण फोटोसाठी धरून बसवल्यासारखी. भोवती सगळं कोरं, आणि कोपऱ्यात संपादकांच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं, "एक वर्षानंतर. दोघांचं सुखी घर."

मी घर काढलं. सहा वर्षं काढत आले तेच. फळीवर एक कप. खुंटीला एक रेनकोट. पलंगावर एक उशी. दारात तिच्या चपला, डावी टाच झिजलेली. त्याचा साधा रुमालसुद्धा कुठे ठेवला नाही.

बाईंनी पान खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिलं. "झालं?"

"झालं."

"पाठव मग," त्या म्हणाल्या आणि ब्रश धुवायला गेल्या. संपादकांनी चेहरे पाहिले आणि पान छापायला गेलं. भिंतींकडे कोण बघतंय!

अंक घरी आला तेव्हा मी मुद्दाम भांडी घासायला घेतली.

"अगंबाई! लग्न केलं हिने?" मागून आईचा आवाज आला, चांगला खुशीतला. "बघ! शेवटी तीसुद्धा..."

आणि ती थांबली. मी वळून पाहिलं. तिचं बोट पानावरून फिरत होतं. फळी, खुंटी, पलंग, दार.

"त्याच्या चपला राहिल्या गं काढायच्या. कपही एकच. घाईत विसरलीस वाटतं."

माझा ताबा सुटला. "विसरले नाही! सहा वर्षं ते घर मी काढतेय, आई. तो तिथे राहत नाही. संपादकांना हवा होता म्हणून वरून चिकटवलाय त्याला! आणि ती बदलली असती तरी मी बदलले नसते. ती कागदावरची आहे. मी इथे तुझ्यापुढे उभी आहे, साबणाचे हात घेऊन!"

मला रडू फुटायच्या बेतात होतं आणि त्याचाही राग येत होता. तेवढ्यात तिचा फोन वाजला. मावशी. तिच्याही हाती अंक पडला होता, आणि तिचा आवाज मला सिंकपाशी ऐकू येत होता. घड्याळवालीचं जमलं, आता आपलीचंही जमेल, एक मुलगा आहे.

"हो, पाहिलं," आई म्हणाली. तिने पान पुन्हा डोळ्यांजवळ धरलं. "पण त्याच्या चपलाच नाहीत गं दारात. नाही, विसरली नाही. मुद्दाम नाही काढल्या तिने."

मावशीने काहीतरी विचारलं.

"मुद्दाम का म्हणजे?" आई एकदम खेकसली. "माझ्या मुलीला नकोय नवरा, म्हणून. फोटो पाठवू नकोस."