‘प’च्या खाली अख्खं गाव

डाहीबाची सुनेबद्दल तक्रार एकच होती, पण ओट्यावर जितक्या बायका येऊन टेकतील तितक्यांदा ती सांगून व्हायची. जिगीषा सकाळचा चहा झाला की लॅपटॉप उघडून बसायची, आणि सासू समोरून गेली तरी मान वर करायची नाही. “मी काही पाया पड म्हणत नाही,” डाहीबा म्हणायची. “पण घरात म्हातारी हिंडते आहे की मांजर, एवढं तरी बघावं माणसानं.”

आणि हीच डाहीबा दूध घालायला डेअरीच्या रांगेत उभी राहिली की तिची जीभ उलटी फिरायची. “आमची जिगीषा अख्खं सोजीपुरा कम्प्युटरात घालते आहे. तुमची काय करते गं? मालिका बघते?”

सोजीपुरा हे गुजरातेत, चरोतरातलं पटेलांचं गाव. अर्धं गाव गावात, अर्धं लेस्टर, न्यू जर्सी आणि नैरोबीत. थंडी पडली की परदेशातली पाखरं उतरतात, समाजवाडीत मेळावा भरतो, आणि आठवडाभर उंधियूचा वास हटत नाही. यंदा मेळाव्याआधी गावाची वेबसाइट व्हावी असं समितीच्या मनात आलं. जिगीषा लग्नाआधी आणंदच्या एका बियाणे कंपनीची वेबसाइट सांभाळायची, म्हणून काम तिच्याकडे आलं.

काम कसं चालतं हे डाहीबाने एकदा विचारून घेतलं होतं. न विचारता बढाया मारणं तिला पटत नसे.

“प्रत्येक माणसाचं एक पान करायचं, बा,” जिगीषा म्हणाली. “त्यावर खुणा करायच्या. खडकी कुठली, देश कुठला, हयात की दिवंगत. खूण केली की ते पान आपोआप त्या त्या विभागात जाऊन बसतं.”

“म्हणजे मसाल्याचा डबा.”

“हो, पण इथे एकच वस्तू चार वाट्यांत एकदम दिसते.”

“मग ती वस्तू नाही, पुढारी आहे.”

खोट निघाली ती आडनावात. जिगीषाने नावांची यादी अक्षरांप्रमाणे लावली आणि अख्खं गाव ‘प’च्या खाली येऊन पडलं. बाकीच्या अक्षरांत सुतार, वाळंद आणि एक शहा वकील असे हातपाय पसरून ऐसपैस बसले होते. मग तिने खडकीप्रमाणे लावलं, म्हणजे एका मोठ्या दरवाजाच्या आत ज्यांची घरं, ती सगळी एकत्र. पण तिथेही आजोबांचं नाव नातवाला ठेवायची गावाची खोड आडवी आली. एका दरवाजाआड चार मणिभाई, आणि प्रत्येक मणिभाईला एक तरी रमेश.

त्यातल्या दोन रमेशभाई मणिभाई पटेलांनी घात केला. एक उन्हाळ्यात गावातच वारला. दुसरा लेस्टरला किराण्याचं दुकान चालवतो, ठणठणीत आहे. जिगीषाने ‘दिवंगत’ची खूण दुसऱ्याच्या पानावर केली आणि पब्लिशचं बटण दाबलं. वेबसाइटने इमानाने त्याच्या फोटोला हार घातला, खाली दिवा लावला आणि त्याला श्रद्धांजलीच्या विभागात नेऊन बसवलं.

लेस्टरचे लोक पांढरे कपडे घालून भर पावसात त्याच्या घरी जमले. दार त्यानेच उघडलं. पुढचे दोघे त्याला बघून मागच्यांच्या अंगावर पडले, पण त्याच्या ते लक्षात आलं नाही. त्याला वाटलं, शेजारीपाजारी कुणी गेलं असेल. तोही चेहरा पाडून बाजूला झाला, सगळ्यांना आत घेतलं, पाणी दिलं, आणि मग हळूच विचारलं, “कोण गेलं?”

इकडे खरोखर मेलेल्या रमेशभाईला वेबसाइटने वाढदिवसाच्या शुभेच्छा धाडल्या. त्याची बायको सविताबेन ती चिठ्ठी फोनवर सगळ्यांना दाखवत फिरली. “जिवंतपणी कुणाला आठवण नव्हती,” ती म्हणाली. “वेबसाइट चांगली आहे.”

पण समितीचे प्रमुख विनुभाई यांना ती चांगली वाटली नाही. विनुभाई नैरोबीत भांड्यांचा व्यापार करून परतलेले, बोलताना प्रत्येक शब्द पुसून ठेवणारे. ते ओट्यावर आले, बसले नाहीत.

“डाहीकाकी, मी सुनेला दोष देत नाही.”

“मग कुणाला देतोस? ओट्याला?”

“गावाची शोभा झाली, काकी. रमेशला अजून लोक फोन करून विचारतात, बरा आहेस ना. रविवारी बैठक आहे. वडोदऱ्याच्या एका कंपनीशी मी बोललोय. ते लोक व्यवस्थित करतील.”

“वडोदऱ्याच्या माणसाला आपले रमेश कळणार?”

“त्यांची पद्धत असते.”

“पद्धत तर मरणाचीही असते, विनु. म्हणून कुणी तिला घरी बोलावत नाही.”

विनुभाई हसले नाहीत. रविवारी बघू म्हणाले आणि गेले.

जिगीषा दारात उभी राहून सगळं ऐकत होती. या घरात आल्यापासून तिच्या स्वतःच्या नावाचं असं हे एकच काम होतं. प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘रचना: जिगीषा’. डाहीबाला अक्षरं जेमतेम लागायची, पण तेवढे दोन शब्द तिने एकदा बोट ठेवून वाचले होते, आणि मग बोटाचा डाग पदराने पुसून काढला होता. ते सुनेने पाहिलंय हे तिला ठाऊक नव्हतं.

“त्यांचं बरोबर आहे, बा,” जिगीषा म्हणाली. “बापाचं नाव एक, खडकी एक, आडनाव एक. हे दोन रमेशभाई वेगळे काढायचे तरी कसे?”

“त्यात काय काढायचंय? एक लोटेवाल्यांचा, एक रेल्वेचुक्यांचा.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय, लेस्टरवाल्याचा आजा विहिरीवर गेला की येताना दुसऱ्याचा लोटा घेऊन यायचा. आणि मेलेल्याचा पणजा मुंबईला निघाला, स्टेशनावर भजी खात बसला, गाडी गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा निघाला, पुन्हा भजी. अशा आमच्या सगळ्या घरांना ओळखी आहेत. पटेल ही काय ओळख झाली? पटेल तर दगडाखाली सापडतात.”

जिगीषा खाली बसली आणि तिने लॅपटॉप मांडीवर ओढला. “सगळ्या घरांना?”

“सगळ्या. फक्त ज्याचं त्याला कुणी तोंडावर म्हणत नाही. आणि ज्याचं तो स्वतः सांगत नाही. दुसऱ्याचं विचार, आजी-आजोबांसकट सांगेल.”

“पण बा, हे वेबसाइटवर लिहिलं तर मारामारी होईल.”

“होईलच.”

जिगीषाने पडद्यावरची पानं वरखाली केली. “मी एक वेगळा रकाना करते,” ती म्हणाली. “त्यात हे नाव घालायचं. वाचणाऱ्याला ते दिसणार नाही, फक्त शोधणाऱ्याला सापडेल. कुणी शोधायच्या चौकटीत ‘रेल्वेचुके’ असं टाइप केलं की त्यांचं घर समोर येईल, पण पानावर तो शब्द कुठेही नसेल. आणि मलाही खूण करताना कळेल, कुठला रमेश ते.”

डाहीबाने तिच्याकडे नीट बघितलं. असली युक्ती आपल्याला सुचली नाही याचं तिला जरा वाईट वाटलं. “म्हणजे पाठीमागे बोलायचं, पण कायद्यात,” ती म्हणाली. “कर.”

पुढचे दिवस त्या घरात इतकं हसू झालं की शेजारणी भिंतीला कान लावायला लागल्या. डाहीबा मेथी निवडता निवडता सांगायची, जिगीषा भरायची. अर्धचहा, कारण पाहुण्याला अर्धाच कप मिळायचा. होहो, कारण त्या घरचा माणूस सगळ्यांना हो म्हणायचा आणि कुणाचंच करायचा नाही. साखरचाटे. केळफुले. दोनदा-सासरे.

“बा, ही तर शिवी झाली.”

“शिवी नाही, घराणं आहे. लिही.”

“विनुभाईंचं काय?”

“फुगा. लहानपणी डाकोरच्या जत्रेत फुगा फुटला म्हणून असा रडला की बापाने बैलगाडी परत वळवली. पण त्याच्यासमोर बोलू नकोस. अजून मनाला लावून घेतो.”

जिगीषाने तेही भरलं. मग तिने एक पान उघडलं आणि सहज विचारलं, “आणि आपलं?”

“आपलं काय? मोठं घर. लिही मोठं घर.”

“बा, मोठं घर म्हणून आपल्याला कुणी शोधणार नाही.”

“का नाही शोधणार? घर लहान आहे?”

“लग्न होऊन मी आले, त्याच आठवड्यात नळावर एकीने मला हाक मारली होती,” जिगीषा म्हणाली. “काय गं, घरव्याह्यांची सून का तू?”

डाहीबाच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. या घरात हा शब्द तिच्या हयातीत कुणी उच्चारला नव्हता. तिच्या नवऱ्याने नाही, मुलाने नाही. ती उठली, निवडलेली आणि न निवडलेली मेथी एकाच टोपलीत टाकून आत गेली. त्या दिवशी ती सुनेशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बोलली, ते भाजीत मीठ कमी आहे एवढंच. जिगीषाने तो रकाना मोकळा ठेवला. ‘मोठं घर’ही लिहिलं नाही, दुसरंही लिहिलं नाही.

रविवारी समाजवाडीत बैठक भरली. डाहीबा न बोलावता गेली आणि पुढच्या खुर्चीवर बसली. जिगीषाने भिंतीवर वेबसाइट दाखवली. लेस्टरचा रमेश फोनच्या पडद्यावर हजर होता, मुद्दाम हसत, आपण जिवंत असल्याची खात्री सगळ्यांना पटावी म्हणून. जिगीषाने ‘लोटेवाले’ असं टाइप केलं आणि त्याचं पान आलं, बिनहाराचं. लोक खुसखुसले. ‘रेल्वेचुके’ टाइप केलं, दुसरा रमेश आला, दिव्यासकट. तोवर सगळ्यांच्या ध्यानात आलं की आता कुणाचाही नंबर लागू शकतो. खुसखुस बंद झाली.

“हे चालणार नाही,” विनुभाई म्हणाले. “सभ्य गावाची वेबसाइट आहे.”

“काका, पानावर काहीच दिसत नाही,” जिगीषा म्हणाली. “फक्त शोधताना.”

“दिसत नसलं तरी आत आहे ना? मुंगी डब्यात आहे, दिसत नाही, म्हणून साखर खायची?” त्यांनी सभोवार पाहिलं. सगळे माना डोलवत होते, प्रत्येक जण आपल्या घराच्या भीतीने. “वडोदऱ्याची कंपनी प्रत्येकाला क्रमांक देणार आहे. स्वच्छ काम.”

“क्रमांक?” फोनमधून लेस्टरचा रमेश म्हणाला. “विनु, मला माझ्या मुलाचा फोन नंबर पाठ नाही.”

“मग एक करू,” विनुभाई म्हणाले, आणि त्यांचा आवाज गोड झाला. “ही नावं सांगितली डाहीकाकींनी. आधी त्यांच्या घराचं नाव घाला. सगळ्यांसमोर. मग आमची घालायला आमची हरकत नाही.”

ते नाव माहीत नाही असं तिथे कुणी नव्हतं. जिगीषाचे हात कळफलकावर थांबले होते. ती सासूकडे बघत नव्हती. तिने लॅपटॉप मिटायला हात उचलला.

डाहीबा उभी राहिली आणि तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला, कारण गोष्ट सासऱ्यांची होती.

“माझ्या सासऱ्यांना राग फार,” ती म्हणाली. “नणंदेच्या सासरी मानपानात काही कमी झालं. हे निघाले व्याह्यांना झापायला. बैलगाडी जुंपली, पोटभर जेवले, गाडीत आडवे झाले आणि झोपले. बैलांना काय झापायचं होतं? ते थोडं चालले आणि घरी वळले. पहाटे गाडी थांबली. सासरे उठले, दारात उभे राहिले आणि गरजले. पाहुणा दारात उभा आहे, या घरात पाणी विचारायची रीत नाही का? आमच्या लेकीच्या नावाने नाकं मुरडता, आधी स्वतःच्या घरातल्या बाया बघा, काय त्यांचे अवतार. तेवढ्यात सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. म्हणाल्या, या व्याही, बसा.”

पहिला हसला तो लेस्टरचा रमेश, इतक्या जोरात की पडदा हलला. मग अख्खी वाडी हसून फुटली. विनुभाईंनी तोंडावर रुमाल धरला, पण खांदे लपले नाहीत. ही गोष्ट सगळ्यांनी आयुष्यभर कुजबुजत ऐकली होती, पण तांब्याचा तपशील कुणाला माहीत नव्हता.

“घरव्याही,” डाहीबा सुनेला म्हणाली. “लिही. व्याह्यातला ‘व्या’ नीट जोड.”

जिगीषाने लिहिलं. भिंतीवर त्यांच्या घराचं पान आलं.

त्यानंतर बैठकीला काही अर्थच उरला नाही. लोक टेबलाभोवती जमले. एकाचं म्हणणं, आपण साखरचाटे नाही, ते चुलत घराणं, आपण गूळचाटे. होहोंच्या घरच्याने सगळ्याला हो म्हटलं. शेवटी विनुभाई जवळ आले, घसा साफ केला आणि जिगीषाच्या कानाशी वाकले.

“माझं फुगा नाही हं,” ते म्हणाले. “फुगेवाला. फरक आहे.”

“मग वडोदऱ्याच्या कंपनीला काय कळवू?” चिटणीसांनी विचारलं.

“कळवा, त्यांना आमचे रमेश जमणार नाहीत.”

चहा आला, मेथीची गोटा भजी आली. जिगीषा वायरी गुंडाळत सासूजवळ आली. काय बोलावं ते तिला सुचेना, म्हणून ती पायाशी वाकली. डाहीबाने तिला तसंच अर्ध्यावर थांबवलं, आणि अख्ख्या समितीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली:

“जिगीषा, ऐक. तुझ्या हातून जिवंत माणूस मेला, ते मी माफ केलं, तो लेस्टरला राहतो म्हणून. पण माझ्या सासऱ्यांचं ते नाव आपल्या घरात माझ्याआधी तू काढलंस, ते माफ नाही. त्याची शिक्षा म्हणून ही वेबसाइट जन्मभर तूच सांभाळायचीस, आणि कुणी मागायला आलं तरी द्यायची नाहीस.”