शेवटची अकरा मिनिटं

"पाच तारे दिले बघ तुझ्या सिनेमाला," ड्रायव्हरकाका म्हणाले. "आता माझ्या सुया काढायला सांग."

मी मशीनवरचं घड्याळ बघितलं. दोन तास त्रेपन्न मिनिटं. अजून एक तास सात मिनिटं बाकी.

"काका, चार तास बसायचं असतं."

"सिनेमा संपला ना? मग काय भिंतीशी गप्पा मारू?"

"दुसरा लावते. तसलाच आहे. अ‍ॅपने खास तुमच्यासाठी काढलाय."

"पोट भरल्यावर लगेच दुसरं ताट वाढतात का गं, इंजिनियरबाई? सिस्टर, काढा."

सिस्टर म्हणजे माझी मावशी. ती त्यांच्या पायाशी उभी होती, दोन्ही हात खिशात. आज तीन तास होईपर्यंत मधे बोलणार नाही, असा तिने मला शब्द दिला होता आणि ती तो इतका मनापासून पाळत होती की मला राग आला.

डायलिसिसच्या वॉर्डात पाच खुर्च्या आहेत, पाच मशीन. ज्यांच्या किडन्या चालत नाहीत त्यांचं रक्त मशीनमधून साफ होतं. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. ड्रायव्हरकाका चार नंबरच्या खुर्चीवर. एकतीस वर्षं बस चालवली, त्यामुळे समोर स्टिअरिंग नसलेल्या खुर्चीवर त्यांचा जीव रमत नाही. तिसऱ्या तासाला उठायला बघतातच. मागच्या महिन्यात मावशी चार दिवस तापाने घरी होती, तेव्हा हे दोनदा मधेच उठून गेले. तिसऱ्या दिवशी छातीत पाणी भरलं आणि सहा दिवस आयसीयूत काढले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, परत असं केलंत तर माझ्या हातात काही नाही.

त्यांना पूर्ण चार तास बसवू शकणारी जगात एकच बाई होती, आणि ती शनिवारी रिटायर होणार होती. आज गुरुवार.

म्हणून तर मी अ‍ॅप करत होते. दहावीत सरांशी वाजलं आणि शाळा सुटली ती सुटलीच. तेव्हापासून मी मोबाइलवर बघून-बघून अ‍ॅप बनवायला शिकले. वॉर्डातल्या टॅबमध्ये दोनशे चौदा सिनेमे आणि एकोणीस मालिका भरलेल्या. कोणाला काय लावायचं ते मावशी ठरवायची. ते तिच्या डोक्यातलं माझ्या अ‍ॅपमध्ये आणायचं, एवढंच काम. मला वाटायचं, सोपं आहे. वय विचारा, आवड विचारा, तारे द्यायला लावा, झालं.

"तीन तास झाले," मावशी म्हणाली. मग काकांना एकदम सहज, "बरं काढते. पण मंगळवारचा तो कोर्टाचा सिनेमा राहिलाय ना तुमचा? शेवट बघायचा नाही?"

काकांनी उठायला उचललेली मान परत मागे टेकवली.

"तो? वकील खोटं बोलतोय की नाही तो?"

"तोच."

"मग आधी का नाही बोललात? लावा."

"लावते. त्या टॅबचं चार्जिंग गेलंय. चार्जर बघते हं कुठे ठेवलाय."

चार्जर शोधायला तिला पन्नास मिनिटं लागली. या कपाटात बघ, त्या ट्रॉलीवर बघ, मधेच कोणाचं बीपी बघ. काका तिथून ओरडतायत, "सिस्टर, मिळाला का?" आणि चार्जर तिच्याच खिशात. वायर बाहेर लोंबत होती, मला दिसत होती. शेवटी सिनेमा लागला, शेवट झाला, आणि चार तासांचा गजर वाजला.

काका गेल्यावर मी सलाइनच्या खोक्यांच्या खोलीत मावशीला गाठलं.

"तू चीटिंग केलीस."

"केली."

"माझा सिनेमा त्यांना आवडला होता. पाच तारे दिले त्यांनी."

"आवडला म्हणून तर घात झाला, फटाकडे." तिने कपाटातून एक जाड वही काढली, पुठ्ठा निघालेली. "आवडलं की नाही ते कोण विचारतंय? त्यांना बसवायचंय. आणि परवा परत आणायचंय."

वहीत रेघा मारलेल्या. नाव, सिनेमा, किती लांबीचा, किती वाजता लावला. आणि शेवटचा रकाना: कुठे थांबवला. मी पानं उलटत गेले. दहा मिनिटं बाकी. बारा मिनिटं बाकी. नऊ मिनिटं बाकी.

"एकही पूर्ण दाखवत नाहीस?"

"पूर्ण दाखवते ना. पुढच्या वेळी. पहिले दोन तास माणूस ताजा असतो, पेपर वाचतो, भांडतो, झोपतो. तेव्हा सिनेमा कशाला वाया घालवायचा? तिसऱ्या तासाला बीपी उतरतं, पायात गोळे येतात, तेव्हा खुनी कोण हा प्रश्न पडलेला पाहिजे."

मला घाम फुटला. आनंदाने. पाच महिने मी काय आवडेल, काय आवडेल करत बसले होते, आणि ही बाई घड्याळाने सिनेमे लावत होती.

"आणि विनोदी?" मी विचारलं.

"विनोदी पहिल्या तासालाही नाही. हसले की हात हलतो, हात हलला की मशीन बोंबलतं."

मी तिथेच खोक्यावर बसून लॅपटॉप उघडला. तारे काढले. आवडीचे सतरा प्रश्न काढले. प्रश्न ठेवला फक्त एक: सुई किती वाजता लागली? त्यावरून अ‍ॅपच ठरवणार, कोणता सिनेमा, कधी सुरू करायचा आणि कुठे थांबवायचा. घरी आई म्हणाली, "जेव की गं, काय लागलंय त्यात?" मी म्हणाले, "चार तासांचं गणित." तिला वाटलं मी परत शाळेचा विचार करतेय. बिचारी दोन मिनिटं किती खूश झाली.

बटणं मात्र तशीच ठेवली, खाली उजव्या कोपऱ्यात, मोठी. ती शिंपीणकाकूंनी बदलायला लावली होती. दोन नंबरच्या खुर्चीवर असायच्या. पहिल्यांदा टॅब हातात दिला तेव्हा म्हणाल्या, "दोनच हात देवाने दिले, त्यातला डावा मशीनकडे गहाण. तुझं बटण डावीकडे. ते काय नाकाने दाबू?" मग आपल्या उजव्या अंगठ्याने काचेवर हळूच गोल काढून दाखवला, जसा कापडावर खडूने काढतात. "एवढ्यात बसव सगळं." बसवलं.

शनिवारी सकाळी सात वाजता काकांना सुया लागल्या. मी आकडा टाकला. अ‍ॅपने पहिले दोन तास नदीचा माहितीपट दिला. काका म्हणाले, "हे काय, नुसतं पाणी," आणि घोरायला लागले. नऊ वाजता टॅब आपोआप वाजला. रेल्वेतल्या चोरीचा सिनेमा, एकशे एकतीस मिनिटं. मावशी मुद्दाम एक नंबरकडे, पाठ करून. मी दाराशी, नखं खात.

दहा वाजता, तिसऱ्या तासाला, काकांनी पाय हलवला. मग दुसरा पाय हलवला, घड्याळ बघितलं, परत टॅब बघितला, आणि पांघरूण वर ओढून घेतलं.

साडेदहा. पावणेअकरा.

अकरा वाजता चार तासांचा गजर झाला आणि सिनेमा थांबला. चोर डब्याच्या टपावर, बोगदा समोर. पडद्यावर अक्षरं आली: राहिलेलं, मंगळवारी.

"ए! हे काय?"

"अकरा मिनिटं बाकी आहेत काका. मंगळवारी बघा."

"बोगद्यात शिरलं की मान जाईल त्याची. आत्ता दाखव."

"वेळ झाली."

"घरी घेऊन जातो टॅब."

"टॅब वॉर्डाबाहेर जात नाही."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मधेच हात दाखवून बस थांबवणाऱ्याकडे बघत असतील. मग मावशीला म्हणाले, "सिस्टर, तुम्ही बिनधास्त जा. हे यंत्र तुमच्यावरच गेलंय. तितकंच खाष्ट." दारात वळून परत मला, "मंगळवारी सातला येतो. पावणेसातलाच येतो."

मला नाचावंसं वाटत होतं. पाच खुर्च्यांमधून जागा कुठली, मी लिनेनच्या ट्रॉलीला एक लाथ घातली आणि ती सरळ भिंतीवर गेली. मावशी ओरडली नाही.

दुपारी डॉक्टरांनी तिला फुलं दिली, फोटो काढला. सगळे पांगल्यावर मी वहीतल्या नोंदी अ‍ॅपमध्ये चढवत बसले. एक गोष्ट खटकली.

"मावशी, सेहेचाळीस जणांचं राहिलेलं तसंच आहे. पुढे काही लिहिलंच नाहीस. अ‍ॅप त्यांना रोज आठवण पाठवत बसेल. काढून टाकू?"

ती हात धूत होती. नळ बंद केला.

"कोण कोण आहेत?"

मी यादी वर सरकवली. सगळ्यात वर शिंपीणकाकू. बेटावरचा सिनेमा, अकरा मिनिटं बाकी. तारीख दोन महिन्यांपूर्वीची, शनिवारची. त्यानंतरच्या मंगळवारी त्यांची खुर्ची रिकामी होती.

मावशीने हात पुसले.

"काढू नकोस. टॅब दे इकडे."

ती दोन नंबरच्या खुर्चीवर बसली. एवढ्या वर्षांत तिला खुर्चीवर बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं. पाय वर घेतले, मान टेकवली. डावा हात खुर्चीच्या हातावर सरळ ठेवला, तळवा वर, जराही न हलवता. आणि उजव्या अंगठ्याने बेटावरच्या सिनेमाचं बटण दाबलं.