मोराच्या काठाचा डी ड्राइव्ह

“मॅडम, सी ड्राइव्ह हाय, डी हाय, मग ए आन् बी कुणी पळवले?”

दहावीचा वर्ग फिसकन हसला. पैज शेजारी बसणाऱ्या सोनमची होती, “विचारून दाखवच, भेळ माझ्याकडून!” आणि पैजेला पाठ दाखवेल ती उत्कर्षा कसली? गेल्या वर्षी हजेरीलासुद्धा पुटपुटणारी ही पोरगी आता बाकावरून ताठ उभी होती.

कॉम्प्युटर शिकवणाऱ्या हेमावती मॅडम रागावतील असं सगळ्यांना वाटलेलं. त्या उलट खूश झाल्या. “पळवले कुठले! ते जुन्या फ्लॉपी डिस्कचे. फ्लॉपी गेल्या, जागा तेवढ्या राखीव राहिल्या. आणि ऐका, अक्षर म्हणजे डिस्क नव्हे, तो दारावरचा नंबर. नंबर बदलला म्हणून घरातली भांडी हलत नाहीत.”

संध्याकाळी उत्कर्षा शुक्रवार पेठेतल्या घरी पोचली तर पप्पा डोकं धरून बसलेले. पप्पा कारखान्यांना टॉवेलची डिझाइनं काढून देत. नवा कॉम्प्युटर आणून त्यात त्यांनी जुन्यातली डिस्क दुसरी म्हणून बसवली होती. आजवरचं सगळं काम तिच्यातच. पण सॉफ्टवेअर प्रत्येक डिझाइनला एकच रडगाणं गात होतं, फाइल सापडत नाही. आणि सकाळी कारखान्याचे मडिवाळप्पा मालक मोराच्या काठाचं डिझाइन न्यायला येणार होते.

“समदं गेलं की गं! फॉरमॅट मारून बघतो.”

“पप्पा, हात काढा! त्यानं तर खरंच जाईल!”

तिने थेट मॅडमना फोन लावला. मॅडम सात रस्ता चौकाजवळच्या घरून स्कूटीवर आल्या, तिच्या शेजारी बसल्या, पण माउसला शिवल्या नाहीत. हाताची घडी घातलेली. “काय दिसतंय ते तूच सांग.”

उत्कर्षाने डिस्क मॅनेजमेंट उघडलं. नव्या कॉम्प्युटरमध्ये डीवर डीव्हीडी ड्राइव्ह ठाण मांडून होता. जुन्या कॉम्प्युटरात डी असलेल्या पप्पांच्या डिस्कला इथं ई मिळाला होता. सॉफ्टवेअर मात्र जुन्या सवयीनं डीचंच दार ठोठावत होतं!

“म्हणजे आधी डीव्हीडीला उठवायचं?”

“उठव की. पण बसवशील कुठं?”

“पार शेवटी, झेडवर!”

तो झेडवर गेला. आता डिस्कवर राइट क्लिक. अक्षर बदलायच्या ओळीखालीच फॉरमॅट तोंड वासून बसलेलं. उत्कर्षानं मॅडमकडे बघितलं. दुसरं कुणी असतं तर ‘सरक गं’ म्हणून माउस हिसकावला असता. मॅडमची घडी काही सुटली नाही.

“वाच. मग दाब,” एवढंच म्हणाल्या.

तिनं वाचलं. दाबलं. ईचा डी झाला.

पप्पांनी सॉफ्टवेअर उघडलं आणि पडद्यावर मोर पिसारा फुलवून हजर!

“मॅडम, लई उपकार झाले बघा,” मम्मी म्हणाली.

“माझे कसले? मी नुसती चहाची वाट बघत बसलेय.”

उत्कर्षा त्यांच्याकडे बघतच राहिली. येत असूनही हात आवरायचे, हे किती अवघड असेल! मॅडमची स्कूटी वळणाआड गेली तरी ती दारातच उभी होती. मग कमरेवर हात ठेवून आत आली.

“मम्मी, पप्पा, अकरावी कॉमर्सचं तुमचं ठरलं असेल, माझं न्हाय. दहावी झाली की मी कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला जाणार. विचारत न्हाय, सांगतेय.”