धारेपलीकडे कोण उभं आहे

याओ शेठच्या गाडीला मी नावं ठेवणार नाही. गाडी गुणाची होती. नावं ठेवायची ती मालकाला, आणि ती मी पोटभर ठेवणार आहे.

चीनमधल्या तंगर वाळवंटात हौशी लोकांच्या गाड्यांचे ताफे नेणं हा माझा आणि माझ्या नवऱ्याचा, दालायचा, धंदा. सगळ्यांत पुढची गाडी माझी. वाळूचा मोठा डोंगर आला की दालाय उतरतो आणि पायी त्याच्या माथ्यावरच्या धारेवर चढतो. पलीकडे सोपा उतार आहे की तुटलेला कडा, हे वर गेल्याशिवाय कळत नाही. तो वरून हात करतो, मग एकेक गाडी खालून जोर घेऊन चढते. धारेपलीकडे उभ्या माणसाला येणारी गाडी दिसत नाही, म्हणून तो कानावर भरवसा ठेवतो. इंजिनाच्या आवाजावरून दालायला कळतं, गाडी किती लांब आहे आणि कुठल्या अंगाने येतेय. शिवाय प्रत्येक गाडीच्या नाकाडावर उंच काठी आणि काठीला लाल झेंडा. गाडीआधी झेंडा वर येतो. हा आमच्याकडचा नियम, कोणी लिहून ठेवलेला नाही आणि कोणी मोडतही नाही.

यंदा ऑक्टोबरात याओ शेठ हांगचौहून आले ते विजेवरची नवी गाडी घेऊन. चार चाकांना चार मोटारी, बाराशे घोड्यांची ताकद. जागच्या जागी भिंगरीसारखी गरकन फिरायची, खेकड्यासारखी तिरकी चालायची, आणि पाण्यात पडली तर म्हणे तरंगायचीही. आमच्याकडे तरंगून जाणार कुठे, पण तरंगायची! आत फ्रीज, पाठ चेपून देणारी खुर्ची. मुक्कामावर तिला चार्ज करायला आमचा डिझेलचा जनरेटर तासन्‌तास धडधडत ठेवावा लागे, ते सोडा. पहिल्या दिवशी शेठनी मला ती चालवायला दिली आणि खरं सांगते, मी भुलले. ज्या चढावर माझी पेट्रोलची गाडी धापा टाकते, त्यावर ही हूं की चूं न करता चढली.

आणि तीच तर भानगड होती.

"शेठ, तुमच्या गाडीला आवाज नाही," मी म्हटलं. "बाकीचे एक वेळ झेंडा विसरले तर चालेल, तुम्ही विसरून चालणार नाही."

"अल्ता ताई, या गाडीला भोक पाडून बांबू लावू?" शेठ हसले. "फोटोत ती भाजीवाल्याची हातगाडी दिसेल. अहो, हिला सगळीकडे डोळे आहेत. टपावर आहेत, पुढे आहेत, मागे आहेत. माणूस दिसला की आपोआप थांबते."

"धार चढताना गाडीचं नाक आभाळाकडे असतं. ते डोळे तेव्हा ढग बघतात."

"तुम्ही फार काळजी करता बुवा," शेठ म्हणाले, आणि काचा वर केल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हायचं तेच झालं. मी आणि ताफ्यातला लानचौचा फरशीवाला फंग पलीकडे उतरलो होतो. दालायने वॉकीटॉकीवर सांगितलं, "पुढचे थांबा, वाळू सरकलीय, मी वाट बघून येतो." तो धारेपलीकडे चार पावलं उतरला. पुढचे म्हणजे, आता ज्यांची पाळी होती ते याओ शेठ. डोक्यावर त्यांचा ड्रोन शूटिंग करत होता आणि त्यांना व्हिडिओत खंड नको होता, म्हणून ते थांबले नाहीत. गाडी धारेवरून आली ती एखादं मांजर भिंतीवरून यावं तशी. दालायने अंग झोकून दिलं म्हणून वाचला. गाडी त्याच्या बाहीला घासून गेली आणि तो गडगडत खाली फंगच्या चाकांपाशी जाऊन थांबला. कंबर काळीनिळी पडली.

मी धावत गेले. शेठ काच खाली करून विचारत होते, "बरे आहात ना, दालाय भाऊ?"

"तुमची गाडी आपोआप थांबते ना?" मी ओरडले. "मग का नाही थांबली?"

शेठनी क्षणभर विचार केला. "म्हणजे त्यांना धोका नव्हता," ते म्हणाले. "असता तर थांबली असती."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नवरा वाळूत कण्हतोय आणि हा बाबा मला सांगतोय की गाडीच्या मते काही झालंच नाही!

दुपारी मुक्कामावर आलो तोवर शेठनी व्हिडिओ टाकलाही होता. गाडी झोकात उडी घेते आणि कोपऱ्यात दालाय हातपाय फाकून उडतो. खाली लोकांनी लिहिलं होतं: वाळवंटातला बेडूक. आमच्याच ताफ्यातली माणसं मटणाच्या हाडावर हात मारता मारता ते बघत होती आणि खिदळत होती. यांतल्या एकेकाला आम्ही वाळूतून उपसून काढलंय, दालायने स्वतःच्या हातांनी चाकं मोकळी केलीत. मला पाहताच सगळे आपापल्या वाडग्यात बघू लागले. दालाय तंबूत आडवा पडला होता, निदान हे ऐकायला तरी नव्हता.

मी उभी राहिले. "शेठ, पुढचा रस्ता हवा असेल तर एक अट. आत्ता त्याच धारेवर जायचं. तुमची गाडी मी चालवते, झेंड्याशिवाय. आणि दालाय उभा होता तिथे तुम्ही उभे राहायचं. तुमची गाडी, तुमचेच डोळे. भीती कसली?"

दहा माणसांसमोर नाही म्हणणं म्हणजे नाक कापून घेणं. शेठनी वाडगा उचलला. "गाड्या चालवायच्यात, तेव्हा दारूऐवजी चहा," असं म्हणून त्यांनी तो एका दमात रिकामा केला आणि सगळ्यांना दिसेल असा पालथा धरला. आमच्याकडे पालथा वाडगा म्हणजे दिलेला शब्द. मीही माझा पालथा केला.

शेठ फंगच्या गाडीत बसून वळसा घालून पलीकडे गेले. मी चढाच्या पायथ्याशी त्या मऊ खुर्चीत बसून राहिले. वॉकीटॉकीवर फंगचा आवाज आला, "तयार. ये."

ठरवलं होतं की धारेच्या हातभर अलीकडे ब्रेक मारायचा. नुसतं घाबरवायचं. पण पाय दाबला तशी ती गाडी अशी सुटली, आणि आत एवढी शांतता, की मला माझाच राग ऐकू येऊ लागला. बेडूक काय? धोका नव्हता काय? समोर नुसतं निळं आभाळ होतं. पडद्यावर रस्ता मोकळा असल्याची हिरवी खूण होती. आता ब्रेक दाब, असं मनाने सांगितलं, आणि मी दाबला नाही. थांब जरा, म्हटलं, त्याला कळू दे. मग दाबला.

पुढची दोन्ही चाकं धार ओलांडून अधांतरी थांबली.

दार उघडून खाली उतरले. चाकांपासून हातभर अंतरावर दालाय उभा होता, दुखऱ्या कमरेवर एक हात ठेवून. दुसऱ्या हातात याओ शेठचा फोन, शूटिंग चालू.

शेठ खाली, फंगच्या गाडीच्या सावलीत टरबूज खात होते.

"तू इथे काय करतोस?" मी विचारलं.

"शेठनी तंबूतून उठवून आणलं. म्हणाले, तुला सवय आहे, तूच उभा राहा. मला वाटलं तुला सांगितलंय त्यांनी."

"शेठ!" मी वरूनच ओरडले. "वाडगा पालथा केला होता तुम्ही!"

"अहो ताई, चहा होता तो!" शेठनी बी थुंकत हात हलवला. "दारू असती तर गोष्ट वेगळी. आणि बघा, थांबली की नाही गाडी आपोआप? छान आलाय का हो शॉट, दालाय भाऊ?"

मी त्यांच्या गाडीची किल्ली वाळूत जितकी लांब फेकता येईल तितकी फेकली. फंगला म्हटलं, "तुम्ही सगळे आता आपापली वाट शोधा," आणि दालायचा हात माझ्या खांद्यावर घेऊन उतरू लागले. तो लंगडत होता, आणि वर मलाच समजावत होता.

"अगं, एवढी कशाला तापतेस? तू चालवतेयस म्हटल्यावर मला कसली भीती? दुसरं कोणी असतं तर मी उभाच राहिलो नसतो."

ब्रेक मी उशिरा का दाबला, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.